पफर घरी पाळायचा असेल तर: कुठला घ्यायचा, मीठ किती, खायला काय आणि दातांचं काय

पफर म्हणजे घाबरला की फुगणारा मासा, तो पाळायचाय असं कोणी म्हटलं की त्याला आधी विचारायचं, कुठला पफर? कारण हा काय एकच मासा नाहीये. साडेतीन सेंटीमीटरला वाढ थांबणारा पी पफर पण पफरच आणि ६५ सेंटीमीटरच्या पुढे जाणारा एमबू पण पफरच, एखाद्याला आयुष्यभर मिठाचा कण लागत नाही तर एखाद्याला मोठेपणी जवळजवळ समुद्राचं पाणी लागतं. दुकानात मात्र सगळ्यांच्या टाकीवर एकच चिठ्ठी, "पफर", फार तर "फ्रेशवॉटर पफर". आणि लहानपणी सगळेच इतके गोंडस, डोळे गरागरा फिरवत काचेपाशी येऊन आपल्याकडे बघत बसतात, की माणूस तिथेच विरघळतो आणि पिशवी घेऊन घरी येतो. पुढे काळजी कितीही घेतली तरी मासा चुकीच्या पाण्यात असेल तर काही उपयोग नाही. म्हणून आधी ओळख, मग टाकी, आणि टाकी पूर्ण तयार झाल्यावर मासा. हा क्रम उलटा करायचा नाही.

पूर्ण गोड्या पाण्यातले

सगळ्यात जास्त पाळला जाणारा म्हणजे पी पफर, त्यालाच ड्वार्फ पफर पण म्हणतात, शास्त्रीय नाव कॅरिनोटेट्राओडॉन ट्रॅव्हनकोरिकस. हा आपल्या पश्चिम घाटातला, केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या नद्यांमधला, पंबा नदीत वगैरे सापडणारा, जगात दुसरीकडे कुठे नैसर्गिकरीत्या नाही. आययूसीएन म्हणजे निसर्ग संवर्धनाची आंतरराष्ट्रीय संघटना, तिच्या यादीत तो असुरक्षित गटात आहे आणि शोभेच्या माशांसाठी होणारी पकड हे त्यातलं एक कारण आहे, त्यामुळे टाकीत पैदास झालेला मिळत असेल तर तोच घ्या, शिवाय तो खायला पण लवकर शिकतो आणि पोटात जंत असण्याची शक्यता पण कमी. याला मीठ अजिबात नको. "पफर आहे ना, मग थोडं मीठ टाक" हा सल्ला अजूनही फिरत असतो, पी पफरच्या बाबतीत तो सरळ चुकीचा आहे.

याच घराण्यातला रेड आय पफर, तो ५-६ सेंटीमीटरचा, पण स्वतःच्या जातभाईशी पटवून घेईल तर शपथ. लहान टाकी असेल तर एकटाच ठेवायचा.

अमेझॉन पफर म्हणजे कोलोमेसस अ‍ॅसेलस, साधारण ८ सेंटीमीटर, पाठीवर काळे आडवे पट्टे आणि मधे पिवळसर हिरवा रंग. हा वेगळ्या स्वभावाचा आहे, घोळक्यात राहतो, दिवसभर पोहत असतो, आणि बाकी पफरच्या मानाने बराच शांत. ऐकायला छान वाटतं पण याचे दात फार भराभर वाढतात, त्याबद्दल खाली लिहिलंय ते वाचून मगच ठरवा.

मग येतात मोठे. फहाका नाईल आणि पश्चिम आफ्रिकेतल्या नद्यांमधला, ४० सेंटीमीटरपर्यंत जातो, मालकाला ओळखतो, हातातून खातो आणि त्याच हाताचा तुकडा पण काढू शकतो. त्याला आयुष्यभर एकट्याची टाकी, किमान ५०० लिटरच्या आसपास आणि रुंदी इतकी पाहिजे की त्याला न वाकता वळता आलं पाहिजे. एमबू काँगो खोऱ्यातला आणि टांगानिका सरोवरातला, त्याला हजारो लिटरचं पाणी लागतं, ते घरातल्या टाकीचं कामच नाही, व्हिडिओ बघा आणि सोडून द्या. काँगो पफर, म्हणजे टेट्राओडॉन मियुरस, आणि आग्नेय आशियातले पाओ जातीचे काही पफर हे दबा धरून बसणारे आहेत, वाळूत अंग पुरून फक्त डोळे आणि तोंड बाहेर, दिवस दिवस हलत नाहीत. ज्याला मासा पोहताना बघायला आवडतो त्याने हे घेऊ नयेत, पण ज्याला पुरेशी जागा नाही आणि तरी एक "खरा" पफर पाहिजे त्याच्यासाठी हे खरंतर चांगले, कारण हालचाल कमी म्हणून फहाकापेक्षा कितीतरी छोटी टाकी चालते. वाळू मात्र बारीक आणि जाड थराची पाहिजे, खडे टाकले तर बिचाऱ्याला पुरून घेता येत नाही आणि पोट खरचटतं.

ब्रॅकिश म्हणजे निमखाऱ्या पाण्यातले

इथे दोन नावं लक्षात ठेवा, फिगर एट आणि ग्रीन स्पॉटेड. गोंधळ सगळ्यात जास्त या दोघांचाच होतो.

फिगर एटच्या गडद तपकिरी पाठीवर पिवळ्या हिरव्या रेषांची नक्षी असते, वरून पाहिलं तर इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी, आणि मागच्या बाजूला कडा असलेले गोल डोळ्यासारखे ठिपके. मोठा झाला की ८ सेंटीमीटरच्या आसपास. ग्रीन स्पॉटेडची पाठ हिरवी, त्यावर सुटे सुटे गोल काळे ठिपके आणि पोट पांढरं शुभ्र. हा १५ सेंटीमीटर आणि त्याच्याही थोडा पुढे जातो. जाता जाता, या ग्रीन स्पॉटेडचा जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकीय आराखडा, २००४ साली प्रसिद्ध झाला, पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांमधे सगळ्यात छोट्या जीनोमपैकी तो एक आहे म्हणून शास्त्रज्ञांनी मुद्दाम निवडला होता.

दोघांमधला महत्त्वाचा फरक मिठाचा. फिगर एटला आयुष्यभर कमी खारं पाणी पुरतं, स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.००५ ते १.००८ (म्हणजे साध्या पाण्याच्या तुलनेत पाणी किती जड ते, मीठ जास्त तसा आकडा मोठा). ग्रीन स्पॉटेड लहान असताना १.००५ ला ठीक असतो पण वाढेल तसं मीठ वाढवत न्यावं लागतं आणि मोठेपणी १.०१५ च्या वर, बरेच जण तर त्याला पूर्ण समुद्री पाण्यातच ठेवतात. दुकानात हे पिल्लू गोड्या पाण्यात असतं आणि जिवंत असतं, काही महिने तसंच जगतं पण, म्हणून लोकांना वाटतं चालतंय. मग हळूहळू रंग काळवंडतो, पोटाखालचा पांढरा भाग करडा पडतो, खाणं कमी होतं, बुरशी आणि बारीकसारीक आजार सुटत नाहीत. औषधं टाकत बसतात लोक, आणि कमी असतं ते मीठ.

टाकी

लिटरचा आकडा सांगितला की लोक तेवढ्यावरच अडकतात तरी पण अंदाज पाहिजे म्हणून सांगतो. एकटा पी पफर २० लिटरमधे राहतो, पण तीन-चार ठेवायचे तर ५०-६० लिटर, आणि सहाचा घोळका असेल तर ८० च्या वर जा. फिगर एट एकाला ६०-७० लिटर. ग्रीन स्पॉटेड पिल्लू असताना ११० चालेल पण मोठ्यासाठी २०० धरून चला. अमेझॉनचा घोळका १५० च्या खाली नको, आणि त्यात लांबी महत्त्वाची, उंची नाही.

पफरचं खाणं म्हणजे नुसता पसारा. चावतो, तुकडे उडवतो, निम्मं खाली पडतं, आणि खातो पण भरपूर, त्यामुळे घाण पण भरपूर. म्हणून फिल्टर टाकीच्या मानाने मोठाच लावायचा. पी पफरला स्पंज फिल्टर उत्तम, त्याला जोराचा प्रवाह आवडत नाही, पोहणं त्याचं तसं यथातथाच. मोठ्यांना कॅनिस्टर, म्हणजे टाकीबाहेर ठेवायचा डब्यासारखा फिल्टर. आणि मोठ्या पफरच्या टाकीत हीटरला गार्ड घालाच, वायर कुरतडणं आणि हीटरच्या रबरी चकत्या तोडणं हा त्यांचा छंद आहे. तापमान २४ ते २७ अंश जवळजवळ सगळ्यांनाच चालतं.

सायकलिंग, म्हणजे माशाच्या घाणीतला अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया फिल्टरमधे वाढू देणं, ते पूर्ण झाल्याशिवाय पफर टाकायचाच नाही, इथे तडजोड नाही. पफरला नीट खवले नसतात, कातडीवर नुसते बारीक काटे, आणि अमोनिया नायट्राइट तो इतर माशांपेक्षा फार कमी सहन करतो. मासा न टाकता सायकल करायची, म्हणजे बाटलीतला अमोनिया २ पीपीएमपर्यंत (लिटरला २ मिलिग्रॅम) टाकायचा, रोज टेस्ट करायची, आणि एवढा अमोनिया २४ तासांत शून्य झाला आणि नायट्राइट पण शून्य दिसलं की टाकी तयार. साधारण चार ते सहा आठवडे जातात, जुन्या टाकीतला चालू स्पंज मिळाला तर लवकर. टेस्ट किट लिक्विडची घ्या, पट्टीवाली नको, तिच्यावर फक्त अंदाज येतो. नंतर नायट्रेट २० पीपीएमच्या खाली ठेवायचा, त्यासाठी दर आठवड्याला ३० ते ५० टक्के पाणी बदलावं लागतं, आणि नळाचं पाणी असेल तर डीक्लोरिनेटर, म्हणजे क्लोरीन घालवणारं द्रावण, विसरायचं नाही.

आत काय ठेवायचं? पफर हुशार आहे आणि त्यामुळेच कंटाळतो. रिकाम्या टाकीत तो काचेला नाक लावून वर खाली वर खाली करत राहतो तासन् तास, लोकांना वाटतं खेळतोय, पण बहुतेक वेळा ते कंटाळ्याचं नाहीतर ताणाचं लक्षण असतं. झाडी, लाकडं, दगडांच्या कपारी असं काहीतरी भरपूर पाहिजे, आणि अशा रीतीने की एका टोकाला उभा असलेला पफर दुसऱ्या टोकाच्या पफरला दिसता कामा नये. पी पफरच्या घोळक्यात तर हे सगळ्यात महत्त्वाचं, समोर दिसला नाही की भांडण पण होत नाही. जावा मॉस, जावा फर्न, अनुबियास हे बिनधास्त लावा, त्यातले जावा फर्न आणि अनुबियास थोड्या मिठात पण तग धरतात, १.००५ च्या पुढे गेलात की मात्र झाडांची आशा सोडा आणि दगड, मुळं यांनी सजवा. कधीमधी एखादा दगड इकडचा तिकडे करायचा, लगेच सगळं तपासायला येतो, भोचक मासा आहे.

मिठाचं काम नीट समजून घ्या

मीठ कुठलं? मरीन सॉल्ट मिक्स, जे समुद्री टाकीवाले वापरतात ते. स्वयंपाकाचं मीठ नाही आणि "अ‍ॅक्वेरियम सॉल्ट" म्हणून पुडी मिळते ते पण नाही, त्यात नुसतं सोडियम क्लोराइड असतं. मरीन मिक्समधे कॅल्शियम, मॅग्नेशियम, कार्बोनेट सगळं असतं आणि त्यामुळेच पीएच ८ च्या आसपास टिकून राहतो, ब्रॅकिश पफरला तसंच कडक पाणी पाहिजे. खाली अ‍ॅरागोनाइट किंवा कोरलची, म्हणजे चुन्याची, वाळू टाकली तर अजून सोपं जातं.

मोजायला हायड्रोमीटर किंवा रिफ्रॅक्टोमीटर लागतो. प्लास्टिकच्या काट्याच्या हायड्रोमीटरमधे काट्याला हवेचे बुडबुडे चिकटले की आकडा चुकतो, टिचकी मारून ते काढा आणि मग वाचा. रिफ्रॅक्टोमीटर महाग पण एकदाच घ्यायचा. प्रमाण म्हणाल तर १.००५ साठी लिटरला साधारण ८ ग्रॅम, १.०१० साठी १४-१५ ग्रॅम, म्हणजे १०० लिटरच्या टाकीला १.००५ करायला पाऊण ते एक किलोच्या मधे कुठेतरी मीठ लागेल. पण हा फक्त अंदाज, ब्रँडप्रमाणे आणि मिठात किती दमटपणा धरलाय त्याप्रमाणे बदलतं, शेवटी मीटर काय म्हणतो ते खरं.

मीठ कधीही थेट टाकीत टाकायचं नाही, मासा आत असताना तर नाहीच. वेगळ्या बादलीत पाणी घ्या, मीठ टाका, एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) किंवा छोटा पंप लावून काही तास फिरू द्या, स्वच्छ विरघळलं आणि तापमान जुळलं की मोजा आणि मग वापरा.

गोड्या पाण्यातून आणलेलं पिल्लू असेल तर पहिल्याच दिवशी खाऱ्यात टाकायचं नाही. दुकानातल्यासारख्याच पाण्यात त्याला आधी स्थिरावू द्या, मग दर आठवड्याच्या पाणी बदलाला नवीन पाणी थोडं जास्त खारं करायचं, असं की टाकीचा आकडा आठवड्याला ०.००२ पेक्षा जास्त वर जाता कामा नये. घाई माशापेक्षा फिल्टरमधल्या बॅक्टेरियांना जास्त बाधते, त्यांना एकदम मीठ मिळालं की ते मरतात आणि अमोनिया वर येतो, म्हणून या काळात दर दोन दिवसांनी टेस्ट करत रहा.

आता एक गोष्ट नवीन लोकांच्या लक्षात येत नाही. पाणी उडून जातं पण मीठ उडून जात नाही. पातळी कमी झाली तर त्या जागी साधं, बिनमिठाचं पाणी भरायचं. दर वेळी खारं पाणी भरत राहिलात तर दोन महिन्यात टाकी कुठच्या कुठे गेलेली असते. पाणी बाहेर काढून बदलताना मात्र जेवढ्या खाऱ्या पाण्याची टाकी तेवढंच खारं पाणी परत. काचेवर बाहेरून पातळीची एक खूण करून ठेवा, कामाला येते.

खाणं आणि दात

पफरच्या तोंडात चार दात असतात, एकमेकांना जुळून त्यांची चोच झालेली असते आणि ती आयुष्यभर वाढत राहते. नैसर्गिक पाण्यात तो गोगलगायी, शिंपले, खेकडे असलं कडक कवचाचं खातो आणि चोच आपोआप झिजते. घरी त्याला नुसते मऊ किडे दिले की चोच वाढते, इतकी की शेवटी तोंडच उघडत नाही आणि खायला समोर असून मासा उपाशी मरतो. हे टाळणं तुमच्या हातात आहे.

दाणेदार खाणं, फ्लेक्स वगैरे विसरा. काही पफर पेलेट म्हणजे दाणे खायला शिकतात हे खरं पण त्यावर भरवसा ठेवून पफर घेऊ नका. लहानांना फ्रोझन ब्लडवर्म (लाल अळ्या), डाफ्निया (पाणपिसवा), ब्राइन श्रिम्प (खाऱ्या पाण्यातले बारीक कोळंबीसारखे जीव), आणि मुख्य म्हणजे गोगलगायी. मोठ्यांना कवचासकट कोळंबी, खेकड्याचे पाय, शिंपल्यातले जीव, गांडूळ. शिंपले आणि काही जातीच्या कोळंबीत थायमिनेज नावाचं एंझाइम असतं जे बी-१ व्हिटॅमिन मोडतं, म्हणून रोज तेच एक दिलं तर महिन्यांनी मासा खंगतो, आलटून पालटून द्यायचं. ट्यूबिफेक्स म्हणजे बारीक लाल किडे, ते जिवंत द्यायचा मोह होतो पण ते घाणीत वाढतात, रोग घेऊन येतात, मी तर नाहीच म्हणेन.

गोगलगायी स्वतः वाढवा, यापेक्षा चांगला सल्ला या सगळ्या लेखात नाही. एक जुनी छोटी टाकी किंवा प्लास्टिकचा डबा, स्पंज फिल्टर, थोडे रॅम्सहॉर्न आणि ब्लॅडर स्नेल, त्यांना उकडलेली पालेभाजी, काकडीची चकती, शेवाळ्याच्या गोळ्या, की महिन्याभरात नको तेवढ्या होतात. पाणी मऊ असेल तर त्यांची कवचं पातळ राहतात, त्या डब्यात कटलबोनचा (कटलफिशच्या चुनखडी हाडाचा) तुकडा टाकून ठेवायचा. द्यायच्या गोगलगायीचा आकार माशाच्या डोळ्याएवढा किंवा थोडा मोठा. मलेशियन ट्रंपेट स्नेलचं कवच फार कडक असतं, लहान पफरचा दात त्यावर तुटू शकतो, त्या देऊ नका. ओढ्यातून तळ्यातून गोळा केलेल्या गोगलगायी तर अजिबात नकोत, त्यांच्याबरोबर कुठले जंत येतील सांगता येत नाही.

किती द्यायचं? पी पफर आणि इतर पिल्लांना रोज थोडं, मोठ्या जातींचे वयात आलेले मासे एक दिवसाआड किंवा दोन दिवसाआड. पोटाकडे बघून ठरवायचं, थोडं गोलसर दिसलं की बस. मासा मात्र कधीच बस म्हणणार नाही, तुम्ही खोलीत आलात की काचेपाशी येऊन असं काही तोंड करेल की जणू आठवडाभर उपाशी आहे. फसू नका. उरलेलं अर्ध्या तासात काढून टाका, कुजलं की अमोनिया.

पी पफरचे दात सहसा त्रास होईल इतके वाढत नाहीत, गोगलगायी मिळाल्या की झालं. अमेझॉनचे मात्र गोगलगायी देऊन सुद्धा वाढतात आणि मग कापावे लागतात. माशांचं जाणणारा पशुवैद्य मिळत असेल तर आधी त्याच्याकडे. घरीच करायचं झालं तर लवंग तेलाने गुंगी देतात: टाकीचंच पाणी एका भांड्यात घ्यायचं, तेल बाटलीत थोड्या पाण्यात जोरात हलवून पांढरं करून घ्यायचं कारण ते असंच विरघळत नाही, आणि लिटरला एक-दोन थेंबांइतक्या अंदाजाने सुरू करून थोडं थोडं वाढवत न्यायचं. मासा एका बाजूला कलंडला, कल्ले मात्र हलतायत, की ओल्या हाताने धरून नखांच्या कडेची कातडी काढायच्या बारीक कटरने फक्त टोक कापायचं, थोडंसंच. सगळं एक-दोन मिनिटात, आणि लगेच स्वच्छ टाकीच्या पाण्यात, हवेच्या बुडबुड्यांजवळ. तेल जास्त झालं तर मासा परत उठत नाही, म्हणून थेंबात कंजूषपणा करा. हे वाचून हात थरथरत असतील तर अमेझॉन पफर घेऊ नका, एवढं साधं आहे.

शेजारी

एका वाक्यात: नको. पफर दुसऱ्याचे पंख कुरतडतो, राग म्हणून नाही, समोर काहीतरी हलतंय म्हणून. गप्पी, बेटा, एंजल असे लांब पंखवाले तर त्याला ताटात वाढल्यासारखे. कोळंबी आणि गोगलगाय हे शेजारी नाहीतच, ते खाणं आहे. पी पफरबरोबर ओटोसिंक्लस (शेवाळ खाणारा छोटा मासा) ठेवणारे लोक आहेत आणि बऱ्याच ठिकाणी चालतं, फिगर एटबरोबर बंबलबी गोबी ठेवतात, पण प्रत्येक पफरचा स्वभाव वेगळा, सहा महिने शांत बसलेला सातव्या महिन्यात उठतो. पर्यायी टाकी तयार नसेल तर हा प्रयोग करू नये.

पी पफरच्या घोळक्यात नर एक आणि माद्या दोन-तीन असं असेल तर उत्तम. मोठ्या नराच्या डोळ्यामागे बारीक सुरकुत्या दिसतात आणि पोटाखाली मधोमध गडद रेघ असते, मादी जरा गोल. दुकानातल्या पिल्लांमधे हे कळत नाही, म्हणून जास्त घेऊन नंतर वेगळे काढायची तयारी ठेवावी लागते. जोडी जमली तर मॉसमधे अंडी घालतात, बाकीचे ती खाऊन टाकायच्या आत मॉससकट उचलून वेगळ्या डब्यात ठेवायची, पिल्लांना आधी इन्फ्युसोरिया (पाण्यातले सूक्ष्म जीव) मग अंड्यातून नुकतेच निघालेले ब्राइन श्रिम्प.

आणताना आणि आणल्यावर

दुकानात सांगा, समोर खायला घालून दाखव. खात नसेल तर घेऊ नका, दया येऊन तर मुळीच नको. पोट खपाटीला गेलेला, शेपूट वळवून एका कोपऱ्यात पडलेला, अंग काळवंडलेला, डोळे धुरकट, असा पफर सोडून द्या. रंग बदलतात ते खरं, पण कायम काळा दिसणारा मासा त्रासात असतो.

पकडलेल्या पफरच्या पोटात जंत असणं नेहमीचंच आहे. भरपूर खातोय तरी पोट आत, पाठ धारदार, विष्ठा पांढरी दोऱ्यासारखी, हे दिसलं की जंत समजा. म्हणून आल्याआल्या तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवायचा आणि गरज पडली तर तिथेच औषध: गोल जंतांना लेव्हामिसोल, चपट्या पट्टकृमींना प्राझिक्वांटेल. प्रमाण पाकिटावरचं किंवा पशुवैद्याने सांगितलेलं. तांब्याची औषधं पफरला सोसत नाहीत, आणि गोगलगायी तर त्याने मरतातच. इच म्हणजे पांढरे ठिपके आले तर गोड्या पाण्यातल्या पफरला हळूहळू ३० अंशांपर्यंत तापमान वाढवून आणि हवा जास्त सोडून आधी बघा. ब्रॅकिशमधे गोड्या पाण्यातला इच तसाही फारसा टिकत नाही.

पकडायचं जाळीने नाही, मगने किंवा छोट्या डब्याने, पाण्यासकट. जाळीत बारीक काटे अडकतात, आणि पाण्याबाहेर आला की तो घाबरून फुगतो आणि पाण्याऐवजी हवा ओढून घेतो. पाणी ओढून फुगला तर स्वतःच सोडतो, हवा मात्र काही वेळा आत अडकते आणि मासा उलटा तरंगत राहतो. असं झालं तर त्याला पाण्याखालीच हळूच धरायचं, तोंड वर शेपूट खाली, आणि हलकंसं हलवायचं, बुडबुडे निघून जातात. आणि फुगलेला बघायला म्हणून त्याला चिडवणारे लोक असतात, पाहुण्यांना दाखवायला वगैरे. फुगणं हा त्याचा जीव वाचवायचा शेवटचा उपाय आहे, त्याने त्याचा जीव दमतो. कधीतरी तो स्वतःच काही कारण नसताना फुगून परत उतरतो, ते चालतं, काळजी नको.

विषाचं विचारतात लोक. पफरच्या अंगात टेट्रोडोटॉक्सिन असतं, गोड्या पाण्यातल्या काही जातींत सॅक्सिटॉक्सिन, पण ते खाल्लं तर, टाकीत हात घातल्याने काही होत नाही, फक्त हाताला जखम असेल तर घालू नका आणि नंतर हात धुवा. मेलेला मासा लगेच काढायचा, आणि मांजराकुत्र्याच्या तोंडी लागणार नाही असा गुंडाळून टाकायचा.

गावाला जायचं असेल तर तब्येतीने बरा असलेला मोठा पफर चार-पाच दिवस न खाता आरामात काढतो. पी पफर असेल तर जाताना टाकीत दहा-पंधरा छोट्या गोगलगायी सोडून जा, हळूहळू संपवतो. शेजाऱ्याला खायला घालायला सांगितलंत तर एकेका दिवसाची पुडी वेगळी करून फ्रीजरमधे ठेवा आणि बाकीचं पाकीट त्याला सापडणार नाही असं ठेवून द्या, कारण हा मासा त्याच्याकडे पण तसंच तोंड करून बघणार आहे.